जुनी माउंटन बाइक आणि गोव्याचा पाऊस : टिकणाऱ्या भागांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीत आमच्या घराच्या मागच्या पडवीत वर्षभर एखादी तरी जुनी माउंटन बाइक उघडून ठेवलेली असते. दुकान नाही, धंदा नाही. ओळखीपाळखीतून सायकली येतात आणि त्यांच्याबरोबर प्रश्न येतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत असे वाटले. जे हाताने उघडून पाहिले आहे त्याबद्दलच लिहितो आहे.

जुनी माउंटन बाइक म्हणजे नेमकी कुठली?

साधारण १९८५ ते २००० मधली. २६ इंची चाके, बहुतेक वेळा पोलादी फ्रेम, रिमवर दाबणारे ब्रेक, मागे सहा, सात किंवा आठ गिअर.

या सायकलींचा उगम मला फार आवडतो. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवून वेगाने खाली सोडत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, आत असायचा. एका उतारावर तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागायचे. त्या उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढे १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर आली, मोठ्या संख्येने बनवलेली पहिली माउंटन बाइक. १९८२ साली सायकलींचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने डिओर एक्सटी काढला, खास डोंगरी सायकलींसाठीचा गिअर-ब्रेक वगैरे भागांचा पहिला संच. सुरुवातीपासूनच हे यंत्र उघडून, पुसून, ग्रीस भरून पुन्हा जोडायचे म्हणून घडले, आणि आज त्याचे जे भाग टिकून आहेत ते याच कारणाने टिकले आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या सायकली कुणी बोटीवरच्या नोकरीतून परतताना आणलेल्या, कुणी आखातातून, तर काही हंगाम संपल्यावर मोरजी-हरमलकडे पर्यटकांनी विकून टाकलेल्या असतात.

सर्वांत टिकाऊ भाग कोणता? एकच सांगा.

थंब शिफ्टर. गिअर बदलण्यासाठी हँडलच्या वर बसणारा, अंगठ्याने ढकलायचा साधा दांडा.

माझ्या सायकलीवर ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा डिओर एक्सटीचा सात गिअरचा थंब शिफ्टर आहे. त्यात दोन सोयी आहेत. एका स्थितीत दांडा टकटक करत एकेका गिअरवर थांबतो. दुसऱ्या स्थितीत टकटक बंद होते आणि दांडा नुसत्या घर्षणावर हवा तिथे थांबतो. ही दुसरी स्थिती मला दहा नव्या शिफ्टरांपेक्षा मोलाची वाटते. एकदा चोर्ला घाटात सायकल दगडावर आडवी झाली आणि मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्यावर लटकतो तो हँगर वाकला. टकटकीचा एकही गिअर जागेवर बसेना. शिफ्टर घर्षणावर घेतला, कानाने आवाज ऐकत गिअर लावले आणि केरीपर्यंत नीट उतरलो. पावसात केबल जड झाली, मागचे गिअर वेगळ्या बनावटीचे बसवले, तरी तो चालतोच.

आत बारीक काही नाही, म्हणून बिघडायला फारसे काही नाही. वर्षातून एकदा मधला स्क्रू काढावा, चकत्या पुसाव्यात, काढल्या त्याच क्रमाने परत लावाव्यात. काढताना मोबाइलवर फोटो घ्या. माझ्याकडे चकत्या खिशात घालून आलेले बरेच जण आहेत.

माझा शिफ्टर ट्रिगरवाला आहे. दाबतो, पण गिअर पकडत नाही. बदलू का?

थांबा, फेकू नका. नव्वदच्या दशकातल्या या शिफ्टरांमधले कारखान्यातले ग्रीस सुकून चिकट होते आणि आतले खिट्टे उचलले जात नाहीत. वरून जिरणाऱ्या तेलाचा फवारा मारा, दोन्ही ट्रिगर पन्नासेक वेळा दाबा, घाण बाहेर येईल ती पुसा, परत मारा. रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी पातळ तेलाचे दोन थेंब सोडा. माझ्याकडे ‘मेला’ म्हणून आलेले बहुतेक शिफ्टर एवढ्यावर जिवंत झाले. संपूर्ण खोलण्याच्या फंदात मात्र पडू नका, आतली स्प्रिंग एकदा निसटली की पुन्हा बसवणे फार कठीण.

हबमध्ये सुटे छर्रे बरे की सीलबंद बेअरिंग?

गोव्यासाठी हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या शिमानो हबमध्ये कप (हबमधली वाटी), कोन (एक्सलवरचा शंकूसारखा नट) आणि त्या दोघांमध्ये फिरणारे सुटे छर्रे असतात. बहुतेक हबांत पुढे ३/१६ इंचाचे छर्रे प्रत्येक बाजूला दहा, मागे १/४ इंचाचे प्रत्येक बाजूला नऊ. कोन बदलता येतो, छर्रे बदलता येतात. कप मात्र हबच्या अंगात दाबून बसवलेला असतो. तो खराब झाला की व्यवहारात हब गेलाच. म्हणजे सारा खेळ कप वाचवण्याचा.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुन्या माउंटन बाइकच्या हबला रबराची पातळ ओठाळी असते, पण ती धूळ अडवायला. गुडघाभर पाण्यातून जायला नव्हे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी हब न उघडता सायकल चालवली. चवथीच्या सुट्टीत उघडला तर ग्रीसच्या जागी चहासारखे पाणी होते आणि उजव्या कपावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. तो हब मी अजून ठेवला आहे, कुणी ‘एक पावसाळा काय होतंय’ म्हणाले की दाखवतो.

तेव्हापासून माझा नेम असा : मृगाच्या आधी एकदा आणि चवथीनंतर एकदा हब उघडायचा. छर्रे दरवेळी नवे घालायचे, ते फार स्वस्त असतात. जुना-नवा छर्रा कधीही एकत्र करायचा नाही, कारण थोडा मोठा असलेला एकटाच सगळा भार घेतो. ग्रीस पाण्याला दाद न देणारे हवे. बोटींच्या इंजिनाचे सामान विकणाऱ्या दुकानात ‘मरीन ग्रीस’ मागा. कोन आवळताना पातळ पाने लागतात, साधारणपणे पुढे १३ आणि मागे १५ मिलिमीटरचे. क्विक रिलीज (चाक हातानेच आवळायचा एक्सलमधला खटका) दाबला की एक्सल किंचित आकसतो, म्हणून बाहेर आवळताना केसभर ढिलाई ठेवायची, जी चाक फ्रेममध्ये दाबल्यावर नाहीशी होईल. हे न कळल्यामुळे किती कोन जळाले असतील कुणास ठाऊक.

सीलबंद बेअरिंगचा हब असेल तर तोही चांगलाच. बेअरिंगच्या अंगावर नंबर असतो, तो घेऊन मोटर-पंपांची बेअरिंगे विकणाऱ्या दुकानात जा. पण ते ठोकून काढायला आणि सरळ दाबून बसवायला हात लागतो. माझे मन सुट्या छर्‍यांकडेच झुकते, कारण ते कुठल्याही गावात, साध्या दोन पान्यांनी सुधारता येतात.

मागचा एक्सल पुन्हा पुन्हा वाकतो. असे का?

तुमच्या हबवर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा खटक्यासकट गठ्ठा, स्क्रूसारखे चढवलेले असणार. त्या रचनेत उजवे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, फ्रेमच्या टोकापासून लांब राहते. मधला एक्सल अधांतरी असतो आणि तिथेच तो वाकतो. शिमानोच्या फ्रीहबमध्ये खटका हबच्याच अंगात असतो, त्यावर नुसत्या चक्रांचा गठ्ठा (कॅसेट) सरकवतात, आणि उजवे बेअरिंग बाहेर, अगदी फ्रेमजवळ नेले आहे, म्हणून त्याचे एक्सल टिकतात. जुनी सायकल घेताना मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट हे आधी पाहा, कॅसेटवाली घ्या. सात गिअरची कॅसेट आठ-नऊ गिअरच्या फ्रीहबवर मागे ४.५ मिलिमीटरची कडी घालून बसते, त्यामुळे पुढे चाक बदलले तरी जुना थंब शिफ्टर कायम राहतो.

पेडल मारताना खालून टक-टक आवाज येतो. बीबी गेला का?

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन्ही क्रँक (पेडलच्या दांड्या) ज्यावर फिरतात तो एक्सल आणि त्याची बेअरिंगे. बऱ्याचदा तो गेलेला नसतो. आधी पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा, मग क्रँकचे बोल्ट तपासा, मग सीटपोस्ट. एवढे करूनही आवाज राहिला तर बीबीकडे वळा.

चौकोनी टोकाच्या एक्सलचा सीलबंद बीबी, शिमानोचा यूएन७२, यूएन५२ किंवा नंतरचा यूएन५५, हा माझ्या यादीत थंब शिफ्टरच्या लगोलग येतो. त्याला काही करायचेच नसते. गेला की काढून नवा घालायचा. काढताना लक्षात ठेवा, उजव्या बाजूचे आटे उलटे असतात : पाना घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. फ्रेमच्या नळीची रुंदी ६८ की ७३ मिलिमीटर आणि जुन्या एक्सलची लांबी, दोन्ही मोजूनच नवा आणा.

या बीबीला दोन गोष्टी मारतात. पहिली, ढिला क्रँक. ॲल्युमिनियमचा क्रँक ढिला असताना दोन-चार किलोमीटर चालवला तरी त्याचे चौकोनी भोक गोलावते, मग कितीही आवळा, तो पुन्हा सुटतोच. हलला की तिथेच थांबा आणि आवळा. दुसरी गोष्ट आपल्याकडची : सीटपोस्टच्या फटीतून पाणी फ्रेममध्ये उतरते आणि बीबीच्या नळीत साचते. एका जुलैत मी एका शिक्षकांची सायकल उलटी केली तेव्हा जवळजवळ फुलपात्रभर पाणी निघाले. बीबीच्या नळीला खाली बारीक भोक आहे का पाहा. असेल तर मातीने बुजलेले असेल, तारेने मोकळे करा. नसेल तर मोठ्या पावसानंतर सीटपोस्ट काढून सायकल उलटी टेकवून ठेवा.

मागचा डिरेलर कुठला टिकतो?

जुना डिओर एक्सटी किंवा एलएक्स. झीज होते ती दोन छोट्या चाकांची आणि सांध्यांची. चाके बदलता येतात. सांध्यांत हाताने हलवून जाणवण्याइतकी ढिलाई आली की समजावे, त्याचे आयुष्य झाले. सोयीची बाब म्हणजे शिमानोच्या सात, आठ आणि नऊ गिअरच्या माउंटन डिरेलरांची केबलची ओढ सारखीच आहे, म्हणून नऊ गिअरचा डिरेलर सातच्या शिफ्टरवर बिनदिक्कत चालतो. दहा गिअरचा चालत नाही.

कँटिलिव्हर ब्रेक काढून व्ही ब्रेक लावावेत का?

दोन्ही रिमवर दाबणारेच; कँटिलिव्हरच्या दोन दांड्या आडव्या तारेने जोडून वरून ओढतात, व्ही ब्रेकच्या उंच दांड्या केबल बाजूने सरळ ओढते. व्ही ब्रेक १९९६ च्या सुमारास आले आणि ओल्या रस्त्यावर ते निश्चितच सोपे वाटतात. लावायला हरकत नाही, मात्र लिव्हरही बदलावे लागतात. व्ही ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते. जुन्या लिव्हरवर ते लावले तर लिव्हर हँडलला टेकतो आणि ऐन वेळी घात होतो.

मी स्वतः कँटिलिव्हरवर समाधानी आहे. नीट लावलेले कँटिलिव्हर घाटात पुरतात आणि चिखल साचला तरी चाक मोकळे फिरते. पण पुढच्या ब्रेकची मुख्य केबल तुटली तर ब्रेकच्या दोन्ही दांड्यांना जोडणारी आडवी तार टायरवर पडते, जाड टायरच्या गोट्यांत अडकते आणि चाक जागच्या जागी थांबते. पुढे काय होते ते सांगायला नको. म्हणून फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) माथ्यावर रिफ्लेक्टरची पट्टी किंवा मडगार्डचा बोल्ट असू द्या, तार त्यावर अडकेल. दिसण्यासाठी तो रिफ्लेक्टर काढून टाकणाऱ्यांना मी दरवेळी परत लावायला लावतो.

आणि गिअरच्या केबलचे कव्हर ब्रेकला कधीच वापरू नका. त्यातल्या तारा उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबल्यावर कव्हर फाटते.

रिम किती वर्षे चालते?

डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात किती चालवता त्यावर. जांभ्याची तांबडी माती पाण्यात कालवली की ब्रेकच्या रबरावर पॉलिश पेपरसारखी बसते आणि रिम घासत राहते. बोट फिरवून पाहा. ब्रेक लागतो ती भिंत आत वळल्यासारखी, पन्हळीसारखी लागली तर रिम संपली. हवा भरलेली असताना अशी भिंत फुटते आणि आवाज फटाक्यासारखा होतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चाक काढून ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे आणि चकाकणारे धातूचे कण सुईने उकरून काढा. मी कूल-स्टॉपचे सॅल्मन रंगाचे रबर वापरतो. ओल्यात पकड चांगली आणि रिमवर माया करणारे.

हँडल मधोमध आल्यावर ‘टक्’ करून अडकते.

हेडसेटच्या (हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगच्या) वाटीत छर्‍यांनी घरे केली आहेत. नवा हेडसेट हाच खरा उपाय. पण तात्पुरते करायचे तर पिंजऱ्यातले छर्रे काढून त्याच मापाचे, साधारणपणे ५/३२ इंचाचे सुटे छर्रे भरा. संख्या बदलली की ते जुन्या घरांत एकदम बसत नाहीत. नवा घ्यायची ऐपत आणि हौस असेल तर क्रिस किंगचा हेडसेट. ही कंपनी १९७६ पासून हेच काम करते आहे, आणि ज्याने एकदा बसवला तो दुसऱ्या फ्रेमवरही तोच काढून नेतो.

जुना सस्पेन्शन फोर्क ठेवावा का?

नव्वदच्या दशकातला असेल तर माझे मत ‘नको’. त्या काळच्या बऱ्याच फोर्कांत स्प्रिंग म्हणून रबरासारखे ठोकळे आहेत. आपल्या दमट हवेत ते वर्षानुवर्षांत चिकट लगदा होतात किंवा कुरकुरीत होऊन फुटतात. उघडल्यावर गूळ वितळल्यासारखा निघालेला मी पाहिला आहे. साधा पोलादी फोर्क लावा. एक्सलपासून माथ्यापर्यंतची लांबी मात्र जुन्या फोर्कइतकी ठेवा, नाहीतर सायकल पुढून वाकल्यासारखी चालते.

सीटपोस्ट अडकला आहे, हलत नाही.

फ्रेम पोलादी, पोस्ट ॲल्युमिनियमचा, मध्ये खारी ओल. दोन धातूंमध्ये गंज चढतो, ॲल्युमिनियमचा गंज फुगतो आणि पोस्ट पाचरीसारखा बसतो. समुद्राकाठच्या गावांतून येणाऱ्या सायकलींचा हा हमखास आजार.

सीट काढा, पोस्टच्या सांध्यावर जिरणारे तेल सोडा. बीबी काढलेला असेल तर सायकल उलटी करून आतूनही सोडा. चार-पाच दिवस रोज. मग पोस्टचे डोके भक्कम शिकंजात धरा आणि संपूर्ण फ्रेमच हळूहळू फिरवा. फ्रेमइतका लांब पाना दुसरा नाही. कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळवणारे असतात. त्यातून हायड्रोजन निघतो, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. घरी करू नका.

निघाल्यावर नळीला आतून ग्रीस लावा आणि दर दोन महिन्यांनी पोस्ट एकदा काढून घाला. पोस्टवर कोरलेले माप, २७.२ किंवा २६.८ वगैरे, जपून लिहून ठेवा. पाव मिलिमीटरचाही फरक चालत नाही.

पोलादी फ्रेम आतून गंजते का?

गंजते, पण हळू, आणि थांबवता येते. चांगल्या फ्रेम क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या, असतात. त्यात क्रोमियम असले तरी ते जेमतेम एक टक्का, स्टेनलेस स्टीलसारखे संरक्षण त्यातून मिळत नाही. मे महिन्यात सगळे भाग उतरवा, नळ्यांत उकळवलेले जवसाचे तेल ओता, फ्रेम सगळीकडून फिरवा, जास्तीचे निथळू द्या आणि दोन-तीन दिवस उन्हात नव्हे, सावलीत सुकवा. आतून पातळ साय धरते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवून मग टाका.

२६ इंची टायर मिळतात का?

मिळतात, पण ‘२६’ एवढेच सांगून आणू नका. माउंटन बाइकच्या टायरवर बारीक अक्षरात ५५९ लिहिलेले असते. साध्या सायकलीचा २६ बाय १ ३/८ हा टायर ५९० चा असतो. नाव एकच, पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत.

चामड्याची सीट घ्यावी का?

नोव्हेंबर ते मे चालवणार असाल तर जरूर. पावसात नको, आठवड्यात बुरशी धरते आणि चामडे झोळीसारखे लोंबते.

चेन कधी बदलावी?

पोलादी पट्टी चेनवर ठेवा, शून्य एका पिनेच्या मधोमध. नव्या चेनची पिन बरोबर १२ इंचांवर येते. १/१६ इंच पुढे गेली की चेन बदला. १/८ इंच गेली तर कॅसेटही गेलीच. सहा, सात आणि आठ गिअरला एकच चेन चालते आणि ती आजही सहज मिळते.

ओहोटीला वाळूवरून चालवली तर चालेल?

मी चालवत नाही. ओली वाळू घट्ट असते, मोह होतो हे कळते. चालवलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने, बादली आणि फडक्याने धुवा. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा नको, तो मीठ आणि वाळू बेअरिंगमध्येच ढकलतो.

हे सगळे घरी जमणार नाही. गावातल्या सायकल मेस्त्रीकडे देऊ का?

जरूर द्या. कप, कोन, छर्रे यांत ज्याची हयात गेली त्याचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईदार असतो, चाकाचा आऊट (वाकडेपणा) तर तो डोळ्याने काढतो. त्याच्याकडे जाऊन ‘ओव्हरऑइलिंग’ (सगळे उघडून, पुसून, ग्रीस भरून पुन्हा जोडणे) करायचे आहे म्हणा, त्याला बरोबर कळेल. ग्रीस आणि नवे छर्रे तुम्हीच घेऊन जा. बीबीची उजवी बाजू उलट्या आट्यांची आहे आणि डाव्या पेडलचे आटेही उलटे आहेत, एवढे आधी सांगून ठेवा. पेडल कुठलेही असो, पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलला की सुटते. शक्य असेल तर काम चालू असताना शेजारी बसा आणि काढलेले कोन हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. खड्डा असेल तर नखाला लागतो, आणि असा कोन त्याच दिवशी बदलून घ्या.